महानंदा अक्कांचे सोमवार

१९९४ साली मी कान-नाक-घसा शस्त्रक्रिया शिकायला पुण्याहून बंगलोरला गेले. तिथं महानंदा अक्का भेटल्या. मूळच्या निपाणीच्या, आमच्या रुग्णालयात अठरा वर्षं लोकांचं ऐकणं तपासणाऱ्या. रुग्ण आवाजबंद खोलीत कानांना हेडफोन लावून बसायचा, अक्का काचेबाहेरून एकेक सूर बारीक करत न्यायच्या, आणि ऐकू आलं की त्यानं बोट वर करायचं. कोण खरंच ऐकतोय आणि कोण अंदाजानं बोट वर करतोय, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं.

माझा प्रबंध यंत्रमागावरच्या विणकरांच्या कानांवर होता. बंगलोरच्या कब्बनपेटेत, विणकरांच्या वस्तीत, तेव्हा दिवसभर मागांचा खडखडाट असायचा. विणकर पाळी सुटली की थेट आमच्याकडे यायचे. तीन महिन्यांत साठ जण तपासून झाले. जवळजवळ सगळ्यांना कमी ऐकू येत होतं. आकडे असे ठसठशीत आले म्हणून मी खूश होते, हे आज सांगताना लाज वाटते.

एका दुपारी अक्कांनी माझ्यासमोर दोन आलेख ठेवले.

"डॉक्टरबाई, दोन्ही आपल्या साठांतल्या परसू विणकराचेच. हा गुरुवारी संध्याकाळचा, हा सोमवारी सकाळचा. त्याची बायको ठकुबाई म्हणाली, सुट्टीच्या दिवशी ह्यांना बरं ऐकू येतं. म्हणून मी त्याला कामावर जायच्या आधी बोलावलं."

सोमवारच्या आलेखात परसूला कितीतरी बारीक सूर ऐकू आले होते.

"मशीन बिघडलं असेल," मी म्हणाले.

"मशीन मी रोज सकाळी माझ्या कानावर तपासते. ते सरी आहे, बरोबर आहे. त्यांचे कान दमलेत. स्वल्प विश्रांती द्या, मग मोजा."

मी ग्रंथालयात जाऊन पुस्तक उघडलं. मोठ्या आवाजानंतर कान काही तास बधिर राहतो, तपासणी विश्रांतीनंतरच करावी, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते पूर्वी वाचलंही होतं. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना सांगितलं, साठही तपासण्या बाद. ते एवढंच म्हणाले, "हे कुणाच्या लक्षात आलं?" मी अक्कांचं नाव सांगितलं.

विणकर पुन्हा यायला तयार नव्हते. रविवारी अक्का मला घेऊन त्यांच्या गल्ल्यांतून फिरल्या, दारोदारी कन्नडमधून समजूत घालत. मग पाच महिने दर सोमवारी त्या के. आर. पुरमहून पहिल्या बसनं येऊन सहाला खोली उघडायच्या. त्या सकाळी आठवल्या की अजून त्यांच्या डब्यातल्या गरम इडल्यांचा वास येतो.

साठांपैकी एकोणीस जणांचं ऐकणं विश्रांतीनंतरही कमीच निघालं. आकडा लहान झाला, पण आता तो कुणाला खोडता येईना. 'हे सगळे सोंग करतात' म्हणणाऱ्या एका कारखानदारानं ते आलेख पाहिले आणि आपल्या माणसांना कानात घालायची बुचं आणून दिली.

परसू त्या एकोणिसांत होता. ते त्याला सांगायला माझी जीभ रेटेना. अक्कांनीच नवराबायकोला समोरासमोर बसवलं.

"ठकुबाई, पाठीमागून हाक मारू नको. ओरडू नको. तुझं तोंड त्याला दिसू दे, मग सावकाश बोल."

ठकुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतकी वर्षं मला वाटायचं, हे मुद्दाम माझं ऐकत नाहीत."

परसू तिच्या ओठांकडे बघत होता. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "आत्ता बोललीस ते कळलं."