आप्पांना दिसलेलं नाव

हे मी आजवर एकदाच लिहिलंय, तेही इंग्रजीत, आणि ज्यांनी ते वाचलं त्यांच्यातलं कुणीही मला ओळखत नाही. मराठीत हे कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्राला नाही, आईला तर नाहीच, कारण गोष्ट तिच्या भावाची आहे. आता सांगतोय म्हणजे अंगात एकाएकी धाडस आलंय असं समजू नका. थकलोय, एवढंच. एखादी गोष्ट लपवून ठेवायलाही बळ लागतं, आणि ते माझ्यात आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

मी दौंडला रेल्वेत आहे. शिफ्टची नोकरी, कॉलनीतलं क्वार्टर. त्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. छंद मात्र जरा वेगळा. लोक सुट्टीच्या दिवशी नदीवर गळ टाकून बसतात, भजनाला जातात. मी कॉम्प्युटरपुढे बसतो आणि फुकटची सॉफ्टवेअरं उतरवून घेतो, उघडून बघतो, मोडतो, पुन्हा जुळवतो. फुकटची म्हणजे चोरीची नव्हेत. ज्यांनी ती लिहिली त्यांनीच ती जगासाठी उघडी ठेवलेली असतात. कुणीही आतलं वाचावं, चूक दिसली तर सांगावी, जमलं तर दुरुस्त करून परत द्यावी. मी आयटीआय झालेला माणूस. मला हे कुणी शिकवलं नाही, वाचून वाचून शिकलो. घरात त्याचं कौतुक नव्हतं. बायको म्हणायची, सवत आणली असतीत तर तिनं निदान चार भाकऱ्या तरी थापल्या असत्या.

ऐकून घेणारा माणूस एकच होता — माझे थोरले मामा. न्हावऱ्याला त्यांची शेती. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं, म्हणून आम्ही भाचेही आप्पाच म्हणतो. एकदा कांद्याच्या वाफ्याच्या कडेला बसून मी त्यांना हे उघड्या सॉफ्टवेअरचं सगळं सांगितलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “म्हंजी कुणी बी उठून चूक दाखवायची? आन् ज्यानं लिव्हलं त्यो चिडत न्हाई?” मी म्हणालो, चिडायचं नसतं, उलट आभार मानायचे असतात. ते कितीतरी वेळ हसत होते. चारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, पाणी समितीत त्यांची हयात गेली होती, चूक दाखवल्यावर माणसं काय करतात ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

त्या चारीसाठीच मी ते वेबपेज केलं. कालव्याला पाणी सुटलं की चारीवरचे शेतकरी पाळीपाळीनं ते घेतात. रात्रीचं पाणी गावतळ्याला, आणि पहाटे चारनंतर जमेल तेव्हा, ज्याची पाळी असेल त्यानं चारीचं दार आपल्या शेताकडे फिरवायचं, की दिवसभर पाणी त्याचं. पूर्वी समितीच्या खोलीबाहेर फळ्यावर नावं लिहीत. फळ्यापर्यंत जायचं, पावसानं खडू पुसलेला असायचा, मग वाद. मी म्हटलं, हे फोनवर का नको? सेक्रेटरीनं एकदा सगळ्यांची नावं भरायची, बाकी काम पेज करील. म्हाताऱ्या माणसांना तक्ते वाचायचा कंटाळा, म्हणून पेजवर मी एवढंच ठेवलं — ‘आज’, आणि त्याखाली मोठ्या अक्षरात एक नाव. तारीखसुद्धा टाकली नाही. आज म्हणजे आज, तारीख कशाला हवी?

लोकांना ते आवडलं. मलाही फार आवडलं. आप्पांना मी स्वतः शिकवलं, हे दाबा, आता हे दाबा. वरनं हेही सांगितलं की यापुढे कुणाला विचारायचं नाही, फळ्यापाशी जायचं नाही. ते रोज पहाटे चारला उठून, चहाच्याही आधी पेज उघडायचे. पाळी असो वा नसो.

मग चारी फुटली.

त्या दिवशी पाळी आप्पांची होती, पेज आल्यापासूनची पहिलीच. पहाटे तीनलाच वरच्या अंगाला चारी फुटली, आप्पा पेज न बघताच तिकडे पळाले, आणि दिवसभर सगळे मातीच्या गोण्या टाकत राहिले. आप्पांच्या कांद्याला थेंब मिळाला नाही. संध्याकाळी समितीनं ठरवलं की त्यांचा बुडालेला दिवस आवर्तनाच्या, म्हणजे पाण्याच्या या फेरीच्या, शेवटी भरून द्यायचा. आप्पा दमून लवकर झोपले होते. त्यांना निरोप द्यायला कुणी गेलं नाही. कशाला जाईल? पेज होतं ना!

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी पेज उघडलं, आणि तिथं त्यांचंच नाव होतं. त्यांना वाटलं, कालचा दिवस आपल्याला आज दिला. दुसरं काय वाटणार? खोरं घेऊन गेले आणि दार फिरवलं.

उजाडल्यावर शेजारचा सोपान आला. पाळी त्याची होती, आणि पाणी आप्पांच्या कांद्यात चाललं होतं. गावात माणसं बरंच काही पोटात घालतात, पण पाण्याची चोरी नाही. सोपाननं तोंडाला येईल ते ऐकवलं. माणसं जमली. आप्पा शांतपणे म्हणत होते की आज माझं नाव आहे, फोनमध्ये बघा. सोपाननं त्याचा फोन काढला — सोपानचं नाव. आप्पांनी स्वतःचा काढला, पेज उघडलं — सोपानचंच नाव. सगळ्यांच्या देखत. बापू, त्यांचा मोठा मुलगा, मला नंतर म्हणाला की आप्पा कितीतरी वेळ फोनकडे बघत उभे होते, आणि मग त्यांनी सोपानच्या हातात खोरं दिलं.

आता तुम्हीच सांगा, असा माणूस एक तर चोर, नाही तर त्याच्या डोक्यावर परिणाम झालेला. तिसरं काय असू शकतं? तिसरा मी होतो, पण ते त्या दिवशी मलाही माहीत नव्हतं. बापूचा फोन आला तेव्हा मी दौंडला होतो. मी पेज उघडलं, बरोबर होतं. रात्रीतून नावं कुणी बदललीत का तेही पाहिलं, कुणी हात लावला नव्हता. मी बापूला छाती फुगवून सांगितलं की पेज चुकत नाही. इथपर्यंतची माझी चूक अजाणतेपणी झालेली आहे, तिच्यासाठी मी हे लिहायला बसलेलो नाही.

त्याच आठवड्यात माझी पहाटेची ड्युटी लागली. स्टेशनवर चहा घेताना सहज पेज उघडलं, आणि त्यावर कालचं नाव होतं. पुन्हा उघडलं. पुन्हा कालचंच. पेज ज्या मशीनवर ठेवलं होतं ते कुठंतरी परदेशात, आणि त्याचं घड्याळ आपल्या मागे साडेपाच तास. आपल्याकडे रात्री बाराला तारीख बदलते, त्याच्याकडे आदलीच चालू असते. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत माझं पेज रोज, न चुकता, कालच्या माणसाचं नाव ‘आज’ म्हणून दाखवत होतं. दिवसा कधीही बघा, बरोबर. मी ते तपासलं होतं ड्युटीवरून आल्यावर, संध्याकाळी. गावातली पोरं फोन बघणार सात वाजता. पहाटे चारला पेज उघडणारा माणूस सगळ्या चारीवर एकच होता.

एका ओळीची दुरुस्ती होती. घरी येऊन केली. एखाद्या शिकाऊ पोरानं करावी अशी चूक, त्याचीच जास्त लाज वाटत होती. मग आठवलं, दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणीतरी माझं हे पेज त्याच्या गावासाठी उतरवून घेतलं होतं. त्याच्याकडेही पहाटे चुकीचं नाव दिसत असणार. म्हणून मी ताबडतोब, जिथं ते पेज सगळ्यांसाठी उघडं ठेवलं होतं तिथं, इंग्रजीत लिहिलं — ही चूक माझी आहे, पहाटे साडेपाचच्या आत पेज चुकीचं नाव दाखवत होतं, ज्यांना त्रास झाला त्यांची मी माफी मागतो. त्या माणसानं आभार मानले. आणखी एका अनोळखी माणसानं लिहिलं की इतक्या सरळपणानं चूक मान्य करणारे लोक फार कमी. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. ते अजूनही तिथं आहे, कुणीही वाचू शकतं. न्हावऱ्यातलं कुणी तिकडे फिरकत नाही, हे मला लिहितानाही माहीत होतं.

रविवारी मी मोटरसायकल काढली आणि न्हावऱ्याला गेलो. सांगायलाच निघालो होतो. हे मात्र खरं आहे — निदान मी स्वतःला तसं सांगत आलोय.

गेलो तर ओसरीवर माणसं बसलेली. बापूनं आप्पांना शिरूरला डॉक्टरकडे नेऊन आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, वय झालं, असं होतं, गोळ्या दिल्यात. सोपान येऊन गेला होता. चोर म्हणालो ते माझं चुकलं, म्हाताऱ्या माणसाचं होतं असं, असं म्हणून चहा पिऊन गेला होता. भांडण मिटलं होतं. दार धरायला आता बापू जाणार होता, आणि आप्पांचा फोन कपाटावर ठेवून दिला होता, उगाच त्यांना त्रास नको म्हणून. वरच्या चारीचा एक समितीवाला मुद्दाम मला भेटायला थांबला होता. त्यांनाही तसंच पेज पाहिजे होतं. बापूनं सगळ्यांपुढं माझी ओळख करून दिली, म्हणाला, याच्या पेजमुळं खरंखोटं कळलं, नाही तर डोकी फुटली असती.

तेव्हा बोलायला हवं होतं. अहो, एक वाक्य होतं. मी काय केलं? मी मान डोलावली, आणि वरच्या चारीवाल्याला विचारलं की तुमच्याकडे शेतकरी किती आहेत.

नंतर मी मनाला पुष्कळ समजावलं, की भांडण मिटलंय, आता सोपानला पुन्हा ओशाळं कशाला करायचं, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणजे काहीतरी असेलही. यातलं एकही कारण खरं नव्हतं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा चार माणसं माझ्या कामाबद्दल बोलत होती आणि मला ते हातचं घालवायचं नव्हतं. इतकं साधं आणि इतकं हलकट कारण होतं.

निघताना आप्पा गोठ्यात होते. मला त्यांनी हात करून आत बोलावलं. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू कुणाला सांगू नको, पर मला खरं सांग. माझं नाव नव्हतंच का रं त्या दिशी?”

मग ते वळले आणि माझ्याकडे बघायला लागले. घाबरलेले होते. आप्पांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“नव्हतं, आप्पा,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. “बरं,” म्हणाले. “मग माझंच काय तरी व्हतंय.”

त्यानंतरचं मी लांबून बघत आलोय. आप्पांनी समिती सोडली. काही सांगायला लागले की मध्येच थांबायचे आणि घरातल्या कुणाकडे तरी बघायचे, बरोबर आहे ना म्हणून. आज वार कोणता हे त्यांना पक्कं माहीत असायचं, तरी विचारायचे. गावातली कामं, सोयरिकी, बांधाचे वाद यांत ज्यांचा शब्द शेवटचा असायचा, ते “पोरांना इचारा” म्हणायला लागले. मामी एकदा माझ्या आईपाशी रडली, की यांना आता स्वतःचंच खरं वाटत नाही. आईनं मला ते सांगितलं. मी जेवत होतो. जेवण पुरं केलं.

सांगायला वेळा नव्हत्या असं नाही. दर दिवाळीला होती, दर लग्नाकार्यात होती. पण मूग गिळून बसायची सवय लागली की प्रत्येक पुढच्या वेळी आणखी एक गोष्ट सांगावी लागते — आधी का नाही सांगितलं ही. मी वरच्या चारीला पेज करून दिलं. तिकडे तारीखही टाकली, ठळक अक्षरांत. सगळे म्हणाले, हे फार चांगलं केलं.

यंदा बापूच्या मुलीच्या साखरपुड्याला गेलो होतो. आप्पांना मांडवाच्या कडेला खुर्ची दिली होती. आता खूप वाळलेत. मी पाया पडलो तर माझा हात धरून त्यांनी शेजारी बसवलं, आणि म्हणाले, “तू तवा मला तोंडावर खरं सांगितलंस, लई बरं झालं. न्हाईतर मी पोरांसंगं भांडत बसलो असतो, माझंच खरं म्हणून.”

मी हो म्हणालो. त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

त्या पहाटे आप्पांच्या फोनवर आप्पांचंच नाव होतं. त्यांनी ते नीट वाचलं होतं. गोठ्यात त्यांनी मला विचारलं तेव्हा मला ते माहीत होतं, आणि मांडवात त्यांनी माझे आभार मानले तेव्हाही.