उस्मानभाई आणि गॅरेजची मोटार

उस्मानभाई आले की आधी पाना काढत नसत. स्टुलावर चढत, शटरच्या मोटारीवर तळवा ठेवत आणि मला बटण दाबायला सांगत. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तो हात. मग निकाल ठरलेला, "जीव हाय हिच्यात, बाई. टाकायची कशाला?"

आखातात गॅरेजची दारं बसवण्यात उमेदीची वर्षं घालवून ते रत्नागिरीला परतले होते. आमची मोटार त्यांनीच बसवली. आमच्या ह्यांना गुडघ्यांमुळे शटर उचलवत नसे, म्हणून ह्यांनी ती हौसेनं निवडून आणली होती. पुढे हे गेले, मी गाडी चालवायला शिकले, आणि खाऱ्या हवेनं मोटार वरचेवर आजारी पडू लागली. कंपनीचा माणूस दर वेळी नवी घ्या म्हणायचा. मी उस्मानभाईंना फोन करायची. नवी आली की ह्यांची एक वस्तू घरातून जाणार, हे मी कुणाला बोलले नव्हते. त्यांनी ते कधीच ओळखलं होतं. एकदा कुठंच मिळेना ते गिअर त्यांनी भंगारातून हुडकून आणलं आणि दिवसभर कानशीनं घासत बसले. "नव्या चांगल्या असतात ओ. पण ही साहेबांच्या पसंतीची," एवढंच म्हणाले.

गेल्या पावसाळ्यानंतर मोटार पुन्हा अडकली. ते आले, पण स्टुलावर चढले नाहीत. खालूनच म्हणाले, "आता बदला, बाई."

मी भडकले. "तुम्हीसुद्धा कंपनीवाल्यासारखं बोलायला लागलात? कंटाळा आला असेल तर तसं सांगा!"

ते हसले. "जीव हाय अजून हिच्यात. पण हिची खोड माझ्याबिगर कुणाला कळायची नाय. उद्या गाडी आत अडकली तर हाक कुणाला माराल?"

एवढं बोलले तरी मला उमजलं नाही. माझी अक्कल शेण खायला गेली होती. नवी मोटार त्यांनी खुर्चीवर बसून दुसऱ्या मिस्त्रीकडून बसवून घेतली. वीज गेल्यावर कुठली दोरी ओढायची, ते माझ्याकडून तीनदा करून घेतलं.

महिन्याभरात ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं सांगितलं, की डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते. तेव्हापासून ते जुन्या मोटारी असलेल्या घरी जाऊन त्या बदलायला लावत होते.

"तुमचं घर शेवटी ठेवलं होतं," ती म्हणाली. "बाईंना कसं सांगू, म्हणायचे. दोनदा तुमच्या फाटकापर्यंत जाऊन माघारी आले."

आणि तिसऱ्यांदा आत आले, तेव्हा मी त्यांना कंटाळा आला का म्हणून विचारलं.