डायनासोरचा प्रॉम्प्टर

आमच्या जिल्ह्यात डायनासोरचं शेण सापडतं. हाडंही सापडतात, पण शेणाची कीर्ती मोठी. वरोऱ्याकडच्या शेतांत ते दगड होऊन पडलेलं आहे आणि दूरदेशीचे शास्त्रज्ञ भर उन्हात वाकून ते वेचत बसतात. तिकडे सिरोंच्याच्या बाजूला तर हाडांबरोबर दगड झालेली झाडंही निघाली. म्हणजे एके काळी हे प्राणी आमच्याकडे रीतसर राहत होते, खात होते आणि खाल्लेलं बाहेर टाकत होते. तरी सिनेमा निघाला की डायनासोर ओरडतो तो इंग्रजीत, हा मला लहानपणापासून अन्याय वाटत आला आहे.

मी हैदराबादेत बरीच वर्षं कार्टून हलवायचं काम केलं. काढणारे वेगळे असतात, मी हलवणारा. लोकांच्या ससे-उंदरांना पळवून कंटाळलो आणि बल्लारपूरला घरी परत आलो. मुंबईचे एक साहेब पैसे लावायला तयार झाले: आपल्या जंगलातले डायनासोर, आपली भाषा, घरच्यांनी मिळून बघावा असा सिनेमा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. खिडकी बंद केली तरी पेपर मिलचा वास आत येतो, पण तो वास आला नाही तर आम्हा बल्लारपूरकरांना चुकल्यासारखं होतं. कामाला आम्ही दोघंच. मी आणि शिंप्याच्या घरची एक मुलगी, नागपूरला हेच शिकून आलेली. तिच्याकडे तोंडं होती. आमच्या धंद्यात आधी आवाज भरतात, मग त्या आवाजाबरहुकूम जनावराचं तोंड हलवतात. ती दिवसभर कानाला हेडफोन लावून स्वतः आ-ऊ करत बसायची. खालचा दुकानदार तिला वेडी समजायचा.

गोष्ट मी लिहिली होती. लांब मानेचा, पाला खाणारा एक बाप आणि त्याचं पिल्लू. पाणी आटतं, कळप नदीपार निघतो. बापाचा पाय मोडलेला असतो, तो मागे राहतो. शेवटी तो पिल्लाला म्हणतो, "जा. मागं पाहू नको. मी इथून ओरडत राहतो. माझा आवाज येतोय तोवर तू बरोबर रस्त्यावर आहेस समज." हे लिहून झाल्यावर मी स्वतःच रडलो. मग खाली जाऊन दोन समोसे खाल्ले.

बापाच्या आवाजासाठी पुण्याच्या एका कलावंतांनी नमुना पाठवला. आवाज इतका सुसंस्कृत की हा डायनासोर पाला खाण्याआधी हात धूत असणार. ती मुलगी म्हणाली, "भाऊ, हा तं बँकेतला साहेब वाटते." तेव्हा मी घरात बघितलं.

घरात माझे बाबा होते. पेपर मिलमध्ये नोकरी आणि दिवाळी ते होळी झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक. धान निघालं की आमच्याकडे गावोगाव नाटकाचे मंडप पडतात आणि अख्खा तालुका सतरंज्या घेऊन तिथं लोटतो. बाबा स्टेजवर येऊन नुसते हसले की मागच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरायची. सिंदेवाहीच्या बाजारात एका बाईने त्यांना मेथीच्या जुडीने बडवलं होतं, काऊन तर आदल्या रात्री त्यांनी नायिकेचं घर पेटवलं म्हणून. ही हकीकत ते पुरस्कारासारखी सांगत. मेथीची जुडी किती मोठी होती ते दर वेळी वाढत जायचं.

त्या वर्षी त्यांचा आवाज बसला आणि उठेचना. आयुष्यभर सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा गालात धरलेला, दुसरं काय होणार. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज जाईल. मी आणि आई दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिलो. मला भीती वाटली, उघड सांगतो. त्या आवाजाच्या धाकानेच मी शाळेत गेलो होतो आणि त्याच आवाजाला कंटाळून हैदराबादेला. तो नसलेलं घर मला कल्पनेतही बसेना.

बाबा बाहेर आले, आमची तोंडं बघितली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काऊन बे, कोन मेलं? तुह्या त्या जनावराले आवाज पाह्यजे ना? माह्यावाला देऊन टाक. फुकट कापून फेकाचा कशाले?"

ठरलं. ऑपरेशनच्या आधी सगळे संवाद भरून घ्यायचे.

आमच्या खोल्यांत खालून मोबाइलच्या घंट्या वाजत. म्हणून वॉर्डातल्या बुद्धविहारात दुपारची जागा मागून घेतली. दुपारी तिथं चिटपाखरू नसतं, पंखा बंद केला की अगदी शांत. माइक लावला, बाबांच्या हातात कागद दिले. त्यांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. ज्या माणसाने अर्ध्या गडचिरोलीला घाम फोडला तो ग्रामपंचायतीची दवंडी वाचल्यासारखा वाचत होता.

"कागद पाहून कोनी बोलते का?" तेच उलट माझ्यावर डाफरले. "प्रॉम्प्टर कुठी आहे?"

झाडीपट्टीत कुणी नाटक पाठ करत नाही. रोज नवं गाव, कधी नवं नाटक. पाठ करणार कधी? पडद्याआड प्रॉम्प्टर बसतो, तो वाक्य सांगतो आणि नट ते उचलून लोकांच्या अंगावर फेकतो. प्रॉम्प्टरचा शब्द शेवटचा. लेखकाने काय लिहिलं, तुम्हाला काय आठवतं, याला किंमत नाही. एकदा प्रॉम्प्टरने चुकून पानं पुढे उलटली आणि नायक लग्नाआधीच मेला. बाबांनी मग विधवेला हळद लावायचा प्रवेश केला, कारण प्रॉम्प्टर म्हणाला. "लोकं रडले ना बे," ते सांगत, "मंग? प्रॉम्प्टरशी वाद नाई घालाचा. त्यानं सांगतलं, आपन बोललं, विषय संपला."

मी त्यांच्या कानात हेडफोन घातला, म्हटलं दुरून सांगतो. त्यांनी तो उपटून काढला. "कानात मुंगी गेल्यावानी होते." शेवटी दोन खांबांना दोरी बांधून घरची चादर टांगली, मी तिच्यामागे मांडी घालून बसलो, आणि सांगू लागलो. मग बघावं! चादरीपलीकडून जो आवाज आला त्याने विहाराच्या खिडकीवरची कबुतरं उडाली. फाटलेला होता, खरखरत होता, पण डायनासोरचाच होता. बाहेर चपला काढत असलेली एक म्हातारी आत डोकावून म्हणाली, "बाई गं, हा मेला अजून सुधरला नाई वाटते."

काही दुपारी असं चाललं. शेवटचा संवाद तेवढा ते बोलेनात. त्यांच्या नाटक कंपनीत चाल होती की तालमीत शेवटचं वाक्य म्हणायचं नाही, नाहीतर नाटक तिथंच संपतं. "ही तालीम नाही बाबा, हेच खरं आहे," मी सांगून थकलो. "माहीत आहे," ते म्हणायचे, "उद्या बोलतो." आणि थुंकायला बाहेर जायचे.

त्या उद्याच्या सकाळी त्यांना बेसिनमध्ये रक्त पडलं. डॉक्टरांनी तारखेची वाट बघू दिली नाही. गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली तेव्हा मी शेजारी बसून मनातल्या मनात तो एक संवाद घोकत होतो. बापाचा जीव टांगणीला आणि मुलाला संवादाची पडलेली! पण मला ते दोन्ही एकच वाटत होतं.

जीव वाचला. आवाज गेला. गळ्याला समोर एक भोक उरलं, त्यातून श्वास. कुजबुजही येत नाही, नुसते ओठ हलतात. बाबा ताटावर चमचा वाजवून आईला बोलवू लागले. आई म्हणाली, "लगीन झाल्यापासून पहिल्यांदा घरात शांती आहे बाप्पा." आणि दुसऱ्याच दिवसापासून टीव्ही मोठ्याने लावायला लागली. बघत नव्हती, नुसता लावून ठेवायची. खलनायकाचं ते हसू बाबा अजून हसत, फक्त खांदे हलत. मला ते बघवत नसे.

मी खोलीवर जाऊन भरलेले संवाद ऐकायला बसलो, आणि कपाळावर हात मारला. बाबांच्या प्रत्येक वाक्याआधी मी होतो. चादरीने नजर अडते, आवाज थोडाच अडतो! माझी कुजबुज सगळीकडे पडलेली, आणि नुसते संवाद असते तर एक वेळ चाललं असतं. "बाबा, पुढं बोला." "बाबा, आधी थुकून या." शिवाय प्रत्येक जोरदार वाक्यानंतर एक लांब शांतता. ती टाळीची जागा. नट तिथं थांबतो, लोक टाळ्या-शिट्ट्या वाजवतात, मग पुढचं. रिकाम्या विहारातही बाबा प्रत्येक टाळीसाठी थांबले होते. आणि पुन्हा बोलवून भरून घ्यावं तर आवाज कुठं होता?

माझी कुजबुज जमेल तिथं खरवडून काढली. शांतता मात्र त्या मुलीने काढू दिली नाही. तिने तेवढ्या वेळात आमच्या डायनासोरची मान वळवली. वाक्य बोलण्याआधी तो कान देऊन जंगलाचं काहीतरी ऐकतो, मग बोलतो, आणि बोलून झालं की इकडेतिकडे बघून थांबतो. पिल्लू त्या फुरसतीत हगून घेतं. जिल्ह्याच्या कीर्तीला जागणं झालं. मुंबईचे साहेब फोनवर म्हणाले, काय विचारी प्राणी बनवलाय तुम्ही! विचारी कसला, टाळीची वाट बघतोय.

राहिला शेवटचा संवाद. साहेब म्हणाले, हल्ली कॉम्प्युटरला जुना आवाज दिला की तो नवी वाक्यं बोलून देतो. करून बघितलं. आवाज हुबेहूब बाबांचा आणि अगदी स्वच्छ, म्हणजे बाबांनी जन्मात कधी खर्रा खाल्लाच नाही असा. मी तो घरी नेऊन ऐकवला. आई उठून स्वयंपाकघरात गेली. बाबांनी पूर्ण ऐकलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंड बाजूला करून थुंकल्याचा अभिनय केला. मग माझ्या छातीवर बोट ठेवलं, आणि त्या बोटाने विहाराची दिशा दाखवली.

मी नको म्हणालो. माझा आवाज म्हणजे रेशन दुकानाच्या रांगेतला, मागचा माणूस पुढे घुसला तरी ऐकू न जाणारा. पण बाबांशी वाद घालणं आता पूर्वीपेक्षा कठीण झालं होतं, ते उत्तरच देत नाहीत.

दुपारी विहारात गेलो. बाबांनी काखोटीला चादर आणली होती. खांबाला दोरी बांधून झाल्यावर आमच्या लक्षात आलं की हा प्रॉम्प्टर दिसला नाही तर ऐकूच येणार नाही. चादर सोडून घडी घातली. ते माइकच्या पलीकडे माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसले. ती मुलगी कोपऱ्यात मशीन घेऊन बसली.

वाक्य माझं होतं, मीच लिहिलेलं, झोपेतही म्हटलं असतं. तरी मी त्यांच्या ओठांकडे बघत थांबलो. ओठ हलले: जा.

"जा," मी म्हणालो.

मागं पाहू नको.

"मागं पाहू नको."

पुढे 'मी इथून ओरडत राहतो' यायचं होतं. पण त्यांचे ओठ वेगळेच हलले. मला वाटलं, विसरले. मी मान हलवून कागदाकडे बोट दाखवलं. त्यांनी असे डोळे वटारले की मेथीवाली बाई आठवावी. मग बहिऱ्याला सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून, त्यांनी ओठ हलवले.

आता तू ओरड. मी ऐकून राह्यलो.

प्रॉम्प्टरशी वाद घालायचा नसतो. त्याने सांगितलं, आपण बोलायचं.

"आता तू ओरड," मी म्हणालो. "मी ऐकून राह्यलो."

शेवटच्या शब्दावर माझा आवाज चिरकला. पुन्हा घेऊ म्हणून मी तोंड उघडलं, तर बाबांनी पंजा वर केला. थांब. टाळीची जागा. विहारात आम्ही तिघंच होतो आणि टाळी वाजवणारं कुणी नव्हतं. त्यांचा हात खाली येईपर्यंत मी थांबलो.