गारठलेला सिलिंडर

नातवाचा बाप्तिस्मा सकाळीच आटोपला होता. पाहुणे तासाभरात गिरीज गावातल्या आमच्या वाडीत जेवायला येणार होते, आणि घरामागे लावलेल्या मोठ्या शेगडीची ज्योत मात्र विझू घातली होती. सिलिंडर आदल्याच दिवशी आलेला. वितरकाने तो कमी भरून दिला, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. मी घरात जाऊन तक्रार लिहायला बसलो. ‘ग्राहकाच्या जिवाशी चाललेला हा खेळ’ हे वाक्य उतरले तेव्हा थोडे समाधानही वाटले.

साक्षीदार म्हणून मेहुण्याची सही घ्यावी, म्हणून कागद घेऊन मागे आलो. सिलिंडरच्या खालच्या अंगावर पांढरे हिम धरले होते, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर मेहुण्याने नारळाच्या सोडणांचा जाळ पेटवला होता.

“गारठलाय, भावजी. जरा शेकवतो. तुमचं पत्र पोचेस्तोवर पोरं उपाशी राहतील.”

पलीकडे माझी पत्नी पाठमोरी बसून भात ढवळत होती. मी तिला हाक मारणारच होतो.

रसायनशास्त्र शिकवणारी आमची मुलगी तेवढ्यात आली. तिने रेग्युलेटर बंद केला, आईला दंडाला धरून उठवले आणि फावड्याने जाळ दूर ओढला.

“मामा, पुन्हा असं करू नका,” ती हळू म्हणाली.

मी हट्टाने सिलिंडर केळी तोलायच्या काट्यावर चढवला. त्यावर लिहिलेले रिकाम्या सिलिंडरचे वजन वजा केले, तरी गॅस निम्म्याहून अधिक शिल्लक होता.

“पप्पा, आत द्रव आहे,” मुलगी म्हणाली. “पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून ते उकळायला जाळ लागतो. या गॅसचे रेणू सैल धरलेले. केवळ दाबामुळे तो द्रव राहतो. शेगडीने वाफ ओढली की दाब उतरतो, आणि द्रव हवेच्या उबेवरही उकळतो. पण उकळताना स्वतःचीच ऊब खातो. शेगडी मोठी, ओढ जास्त, म्हणून गारठला. आणि जाळावर धरला, तर आतला दाब किती चढेल ते मला सांगवत नाही.”

उरलेला स्वयंपाक चुलीवर झाला. मेहुण्याने दूर ओढलेल्या जाळावर पाणी ओतले. मग म्हणाला, “भावजी, सही कुठे करू?”

मी कागद घडी करून खिशात ठेवला. शेवटची पंगत उठेपर्यंत मी दर थोड्या वेळाने जाऊन सिलिंडरला तळहात लावून पाहत होतो. दर वेळी तो थंडच लागे, आणि तरीही मी पुन्हा जात होतो.