दार उघडू नये

आमच्या मांजरीनं तरुणपणी धायरीतल्या एका कुत्र्याकडे असं काही पाहिलं होतं की त्यानं दुसऱ्याच दिवशी नऱ्ह्याला बिऱ्हाड हलवलं. शंका असेल त्यांनी नऱ्ह्यात जाऊन चौकशी करावी. हिंजवडीला जाणारी कंपनीची बस आमच्या फाटकासमोरून वळते. ही रस्त्याच्या मधोमध अंग चाटत बसली की बस थांबायची आणि आतली इंजिनिअर मंडळी मुकाट्यानं लॅपटॉप उघडायची. देशाचं निम्मं सॉफ्टवेअर आमच्या मांजरीच्या आंघोळीच्या वेळात लिहिलं गेलंय. आमचे हे म्हणतात, "बस तिथे तशीही थांबायची. स्टॉप आहे." यांचं मनावर घेऊ नका. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, उभ्या आयुष्यात एक थाप मारलेली नाही.

मांजर आमची, असं मी म्हणते. इमारतीतली आणखी तीन घरं तेच म्हणायची. तळमजल्यावर मामा, मूळ धायरीचे; इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या वडिलांची. त्यांच्याकडे सकाळची सुकट. आमच्या समोरच्या काकूंच्या घरात अंडं शब्द उच्चारायलाही बंदी, पण दुपारची साय तिथून. आणि वरच्या मजल्यावर आयटीतली मुलं राहतात, त्यांच्याकडे रविवारची बिर्याणी, म्हणजे त्यातली फक्त कोंबडी. प्रत्येक घरात तिला वेगळं नाव होतं आणि एकाही नावाला ती ओ देत नसे.

सोळा वर्षांची झाली आणि पाणी प्यायला लागली. किती, तर पाटबंधारे खात्यानं चिंता करावी इतकं. अंग उतरलं, पाठीचा कणा हाताला लागायला लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, किडन्या जवळपास गेल्यात. बऱ्या होणार नाहीत. जपलंत तर काही महिने मिळतील. पथ्याचं खाणं, कातडीखाली सलाईन, मासे, कोंबडी, दूध सगळं बंद.

सलाईन घरीच द्यायला शिकलो. बाटली पडद्याच्या दांडीला टांगायची, यांनी तिला धरायचं आणि मी सुई टोचायची. पहिल्या दिवशी निम्मी बाटली यांच्या पायजम्यात गेली. पण ते जमलं. प्रश्न होता इमारतीचा. एकेकाला समजावून थकले. "थोडंसंच दिलं हो," असं काकू म्हणायच्या, आणि ते थोडंसं वाटीभर असायचं. शेवटी मी पाटी लिहिली आणि जिन्याच्या तोंडाशी लावली:

सदर मांजर पथ्यावर आहे. कोणीही काहीही खायला घालू नये. 'थोडंसंच' हेही 'काहीही'मध्ये मोडते. तिने हाका मारल्यास दार उघडू नये. ती गोड बोलेल. फसू नये.

शेवटच्या तीन ओळी डॉक्टरांच्या नव्हत्या, माझ्या होत्या. लिहिता लिहिता हात चालला, थांबवेना. पाटीचं कौतुक विचारू नका. सोसायटीच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. शेजारच्या इमारतीतले लोक फोटो काढून गेले. मी तर सांगत सुटले की बुधवार पेठेतला एक पुस्तकवाला माझ्याकडे पाट्यांचा संग्रह मागतोय. मुख्य म्हणजे पाटी लागू पडली. पुढच्या तपासणीत रिपोर्ट सुधारला. डॉक्टर म्हणाले, "छान, काय केलंत?" मी म्हटलं, "साहित्यनिर्मिती."

मांजर रोज सकाळी तिच्या फेरीला जायची. हळूहळू, एकेक पायरी टेकत. लवकर परत यायची एवढं माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, थकत असेल.

एका सकाळी हे दूध घेऊन आले आणि पिशवी ओट्यावर ठेवत म्हणाले, "तुझी पाटी लोक वाचतात बरं का."

"वाचणारच. अक्षर बघा की."

"खाली जाऊन ये."

गेले. ती मामांच्या बंद दारासमोर पायपुसण्यावर बसली होती. ओरडत नव्हती; ओरडून झालं असावं. दाराकडे तोंड करून, बँकेत नंबर यायची वाट बघणाऱ्या पेन्शनरासारखी. मी बेल दाबली. दार तत्क्षणी उघडलं. मामा आतून दाराला टेकूनच उभे होते.

"मामा, हे काय?"

"ताई, तुमीच लिवलंय न्हवं? दार उघडू नये. ती रोज येती, हाका मारती. मी हितं आतल्या अंगाला हुबा ऱ्हातो. टीव्हीचा आवाज वाढवतो. लई वंगाळ वाटतं बगा."

"अहो, ती गंमत होती!"

"गंमत व्हय?" मामा माझ्याकडे बघत राहिले. "आमाला वाटलं, डाक्टरनं सांगितलंय."

काकूंनीही दार लावलं होतं. वरच्या मुलांनी हेडफोन घातले होते. सुकट खाऊन झाल्यावर ती मामांच्या मांडीवर पेपर संपेपर्यंत बसायची, काकूंच्या गॅलरीतलं ऊन तिचं असायचं, हे मला माहीत होतं. मांडी आणि ऊन पथ्यात बसत होतं. डॉक्टरांनी मासे बंद केले होते. दारं मी बंद केली.

तिथल्या तिथे पाटी फाडली, घरोघर जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिन्ही दारं सताड उघडी. काकूंनी तर गॅलरीत उशी घातली. मांजर आमच्या उंबऱ्यापर्यंत आली, जिन्याकडे बघितलं आणि मागे फिरली. त्यानंतर ती कधी बाहेर गेली नाही. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. असेल. मीही तेच धरून बसले आहे.

मग लोक आमच्याकडे येऊ लागले. मामा आले ते हात पुढे करूनच. "साबणानं धुतल्यात, वास बी न्हाई." तिनं त्यांची पाचही बोटं एकेक करून हुंगली, अगदी सावकाश, आणि डोकं खाली ठेवलं. मामा खिडकीतून बाहेर बघायला लागले. वरच्या मुलांपैकी एकानं तिला उचललं आणि मला म्हणाला, "काकू, इतकी लाइट कशी झाली यार ही?" नंतर डॉक्टरांनीच सांगितलं, आता आवडेल ते द्या. सुकट आली, साय आली, कोंबडी आली. तिनं कशालाच तोंड लावलं नाही.

शेवटी डॉक्टर घरी आले. इथे मी काहीही वाढवून सांगत नाही. ती माझ्या मांडीवर होती. त्यांनी सुई टोचली आणि ती गेली. त्याहून मोठं काही घडलं नाही. इमारतीमागे मामांचा जमिनीचा एक पट्टा उरलाय, तिथे त्यांनी स्वतः खड्डा खणला.

संध्याकाळी सगळे आमच्याकडे जमले. मी बसचा किस्सा सांगितला. या वेळी ड्रायव्हर खाली उतरून तिच्या पाया पडला. लोक हसले. मग वरचा मुलगा मला म्हणाला, "आणि काकू, ती पाटी! एपिक होती. माझ्याकडे अजून फोटो आहे." सगळे पुन्हा हसले. मीही हसले. चहाचं निमित्त करून आत आले, आधण ठेवलं आणि ओट्यापाशी उभी राहिले.

थोड्या वेळानं हे आत आले. फ्रिज उघडला, बंद केला.

"पाटी होती तेव्हाही मामांचं दार असायचं उघडं अधूनमधून," हे म्हणाले. "मी पाहिलंय. दूध आणताना. आत बसलेली असायची ती."

"कुठे?"

"आत."

"आत कुठे? खुर्चीत?"

"नाही. टीव्हीवर."

मामांचा टीव्ही भिंतीला ठोकलेला आहे, पुठ्ठ्याइतका पातळ. त्यावर पालसुद्धा बसणार नाही. थाप मारायला सराव लागतो. या माणसानं सत्तरी ओलांडल्यावर पहिली मारली, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

चहा वर आला. मी गॅस बारीक केला.

"टीव्हीवर बसून काय करत होती?"

"काही नाही. बसली होती. मामा पेपर वाचत होते."

मी कपात चहा गाळायला घेतला.

"मग?" मी म्हटलं. "पुढे?"