चौथ्या खांबावरची काच

पाठीमागे सगळे तिला काचबाई म्हणत आणि तोंडावर ताई. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या नऊ मजली इमारतीत ती तळमजल्यावर राहायची, आणि दोन गल्ल्या सोडून तिचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. काच कापावी तर तिनंच. कापून झाली की चारही कडा ती दगडावर घासून बोथट करी. तिच्या काचेनं आजवर कुणाचं बोट कापलं नव्हतं. जिभेबद्दल तसं म्हणता आलं नसतं.

विसरणं हा गुण तिला द्यायचा देवाकडून राहूनच गेला होता. तिच्या लग्नात नणंद चार बायकांत म्हणाली होती, "वहिनीचे हात अगदी हमालासारखे आहेत हो." बावीस वर्षांनी त्याच नणंदेच्या मुलीच्या लग्नाचा भलामोठा फोटो फ्रेम करायला आला. काचबाईनं तो फुकट करून दिला, वर चिठ्ठी डकवली, 'हमालाकडून सप्रेम भेट.' नणंद पुढे वर्षभर बोलली नाही. ते वर्ष काचबाईचं फार सुखात गेलं.

तिचा नवरा मिस्त्री. दोघांचा स्वभाव म्हणजे एक पूर्व तर एक पश्चिम. हा माणूस कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. इमारतीची डागडुजी त्याच्याकडे होती. समुद्राची खारी हवा चाळीस वर्षं भिंतींत मुरत होती, आतले लोखंडी गज गंजून फुगत होते आणि बाहेरच्या सिमेंटला तडे देत होते. मिस्त्री हातोडीच्या दांड्यानं एकेक खांब ठोकत फिरायचा. आवाज भरीव आला की पुढे जायचा, पोकळ आला की तिथेच उभा राहायचा. सहा वर्षांपूर्वी त्यानं तळाच्या पार्किंगमधल्या चार खांबांवर, तड्यांच्या आडव्या, बोटाएवढ्या रुंद काचपट्ट्या बसवल्या. आधी रंग खरवडून काढायचा, खालचं सिमेंट उघडं करायचं, मग दोन टोकांना सिमेंटचे ठिपके देऊन पट्टी चिकटवायची आणि ब्रशानं तिच्यावर तारीख घालायची. तडा रुंदावला की काच तुटते. खांब तोंडानं बोलत नाही, पण काच त्याची चुगली करते. पट्ट्या अर्थातच बायकोनं कापून दिल्या होत्या.

तीन वर्षांपूर्वी चौथ्या खांबावरची काच तुटली.

मिस्त्रीनं चेअरमनला सांगितलं. चेअरमन नवव्या मजल्यावर राहायचा, आणि दुखणं कोणतंही असो, त्याचं औषध एकच होतं: रंग. गच्ची गळाली, रंग. जिना खचला, रंग. त्यानं मिस्त्रीचं निमूट ऐकून घेतलं आणि पार्किंगमध्ये भरलेल्या वार्षिक सभेत सगळ्यांसमोर विचारलं, "मिस्त्री, काच आपोआप तुटली की हातोडी लागली? म्हणजे, काम कमी पडलं होतं का सध्या?"

सभा हसली. खो खो हसली. खांबांची दुरुस्ती म्हणजे घरटी केवढा खर्च ते सगळ्यांनी मनात मोजलं होतं, आणि हसणं स्वस्त होतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीचं काम सुटलं. त्यानं हत्यारांची पिशवी पलंगाखाली सरकवली ती सरकवलीच. पार्किंगमधून घरात यायचा सरळ रस्ता सोडून तो मागच्या दारानं, कचऱ्याच्या पिंपांजवळून यायला लागला. नवऱ्याला रोज त्या दारातून वाकून आत येताना बघून काचबाईचं रक्त उकळायचं. त्या दिवशी कोण कोण हसलं, कोण तोंडावर रुमाल धरून हसलं, सगळं तिला पाठ होतं. तिला एकच गोष्ट हवी होती. याच माणसांसमोर, याच पार्किंगमध्ये, त्याच तोंडानं चेअरमननं म्हणायला हवं होतं की मिस्त्री खरा होता.

गेल्या वर्षी इमारतीला रंग लागला. कोणता लावायचा यावरून चार महिने भांडणं झाली, दोन सख्खे शेजारी कोर्टात जायला निघाले, शेवटी चेअरमनच्या मर्जीनं हिरवा ठरला. शेवाळी हिरवा. चौथ्या खांबावरची तुटकी काच रंगाऱ्यानं उखडून फेकली, तड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि वर हिरवा हात मारला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग सरकारी नोटीस आली: समुद्रकाठच्या जुन्या इमारतींची तपासणी होणार. तपासणीचे इंजिनिअर येऊन गेले, चहा पिऊन गेले, आणि संध्याकाळी दुकानातून येताना काचबाईनं पाहिलं तर चौथ्या खांबावर काचपट्टी! अखंड! वर सहा वर्षांपूर्वीची तारीख!

ती जवळ गेली. धूळ पुसावी तसं तिनं पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं, आणि बोट कापलं.

बोट तोंडात धरून ती तिथेच उभी राहिली. ही काच तिची नव्हती. मग तिला दुसरी गोष्ट दिसली, आणि दुखणं विसरून तिला हसू फुटलं. काचेच्या आरपार हिरवा रंग दिसत होता. चेअरमनच्या सांगण्यावरून रंगाऱ्यानं पट्टी आपल्याच रंगावर चिकटवली होती. स्वतःच्या हातानं दिलेला नवाकोरा रंग कोणता रंगारी खरवडेल? मिस्त्रीनं खरवडला असता. इंजिनिअरला रंग कधी लागला ते ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी काचेकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. अहवालात लिहिलं गेलं, 'चौथा खांब: काच शाबूत, हालचाल नाही.'

त्याच रात्री तिनं बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. कारण चेअरमन नववा मजला विकून जाणार असल्याची कुणकुण तिला लागली होती. अहवाल हातात आल्यावर गिऱ्हाईकही मिळालं. वार्षिक सभेला तीन महिने होते. घोडामैदान जवळच होतं. तिनं तोंड मिटून घेतलं, आणि तिच्या ओळखीच्या कुणालाही हे तिचं तोंड वाटलं नसतं. जिन्यात चेअरमन भेटला की ती गोड हसून विचारी, "काय साहेब, बांधाबांध झाली का?" रात्री अंथरुणावर ती सभेतलं एकेक वाक्य जुळवत बसायची. चौथ्या खांबाशेजारी स्कूटर लावणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सला मात्र तिनं सांगितलं, "तिथं नको लावूस गं, पाणी ठिबकतं." पाणी कुठलं ठिबकायला! खांबाच्या पायथ्याशी रोज सकाळी चिमूटभर सिमेंटचा भुगा पडलेला असायचा, आणि तो ती झाडूनं लोटून टाकायची.

सभेच्या दिवशी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. पुढे चेअरमन, शेजारी अहवाल वाचायला आलेले इंजिनिअर, आणि पहिल्या रांगेत नवव्या मजल्याचं गिऱ्हाईक, एक सभ्य जोडपं. शेजाऱ्यांची ओळख व्हावी म्हणून चेअरमननंच त्यांना बोलावलं होतं. मिस्त्री आला नव्हता. अहवाल वाचून झाला, टाळ्या झाल्या, आणि काचबाई उभी राहिली.

"मला फक्त एक विचारायचंय," ती म्हणाली. "आपल्या इमारतीला हिरवा रंग कधी लागला?"

"ताई, तो विषय आता नको!" चेअरमन म्हणाला. पण तो विषय निघाला आणि कुणी गप्प बसलं, असं त्या इमारतीत कधी झालंच नव्हतं.

"गेल्या वर्षी!" मागून एकजण ओरडला. "आणि मी तेव्हाच म्हणालो होतो पांढरा लावा!"

"गेल्याच वर्षी, आमची सही न घेता!" दुसरी.

"नक्की ना? सहा वर्षांपूर्वी नाही ना?"

"गेल्या वर्षी हो!" अख्खी सभा एका सुरात म्हणाली.

"मग साहेब," ती इंजिनिअरकडे वळली, "सहा वर्षांपूर्वी चिकटवलेल्या काचेखाली गेल्या वर्षीचा रंग कसा शिरला, तेवढं समजावून सांगा. मी अडाणी बाई आहे."

इंजिनिअर उठले, खांबाशी गेले, बॅटरी मारली. काचबाई मागोमाग होतीच. पदराआडून तिनं फ्रेमच्या कामाची पातळ पाती काढली आणि पट्टीच्या टोकाशी घातली. पट्टी सिमेंटच्या ठिपक्यांसकट, हिरव्या पापुद्र्यासकट सुटून हातात आली. मागे लांबी भरलेला तडा होता, आणि लांबीही मधोमध पुन्हा फाटली होती. इंजिनिअरांनी खिशातली किल्ली आत घातली. किल्ली मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तेव्हा तिच्यासोबत गंजाचे पापुद्रे भुरभुर खाली आले.

"सगळ्यांनी बाहेर चला," ते हळू आवाजात म्हणाले. "आत्ता. खुर्च्या राहू द्या."

"थांबा!" काचबाई ओरडली. "एक राहिलंय. चेअरमनसाहेब, मिस्त्रीनं काच फोडली होती का?"

चेअरमननं गिऱ्हाईकाकडे पाहिलं. जोडपं फाटकाच्या दिशेनं चालू लागलं होतं.

"नाही," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. तेव्हा मोठ्यानं बोलला होतात."

"नाही फोडली! मिस्त्री खरं बोलत होता!"

काचबाईनं मान वळवून एकेकाचा चेहरा पाहिला. रुमालवाली दिसली. पांढऱ्या रंगवाला दिसला. आज कुणी हसत नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की आपलंही घर याच खांबावर उभं आहे हे तिच्या ध्यानात यायला फाटक ओलांडावं लागलं.

इमारत आठ दिवसांत रिकामी करायचा हुकूम आला. दुरुस्तीचा आकडा ऐकून लोकांनी आधी चेअरमनला शिव्या घातल्या आणि मग, विषय उकरून काढला म्हणून, काचबाईलाही. तिनं कानाआड केलं. नववा मजला विकला गेला नाही, चेअरमन भाड्याच्या दोन खोल्यांत गेला, आणि त्याच्या सोफ्याचा एक पाय जिन्यात मोडला तो तिनं स्वतः उभं राहून पाहिला.

सामान बांधताना तिनं मिस्त्रीला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चौथ्यांदा. तो पलंगाखालची पिशवी बाहेर ओढून हत्यारं पुसत होता. चेहऱ्यावर समाधान दिसत होतं. मध्येच त्यानं विचारलं, "भेग किती होती? किल्ली पूर्ण गेली?"

"मुठीपर्यंत, अहो!"

"आणि पट्टी खोटी आहे हे तुला कळलं कधी?"

ती फुशारकीच्या भरात होती. "तपासणीच्या दिवशीच! तीन महिने पोटात ठेवलं मी. कुणाला वास लागू दिला नाही."

मिस्त्रीचा हात थांबला. "तीन महिने," तो म्हणाला. "वर बत्तीस घरं झोपत होती. त्या नर्सची पोर रोज तिथं सायकल शिकायची."

"तुमच्यासाठीच थांबले ना मी! तुमचं नाव..."

"माझं नाव नको घेऊस यात," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. त्यानं पिशवी उचलली, आणि समोरचं दार उघडं असताना मागच्या दारानं, पिंपांच्या बाजूनं, बाहेर गेला.

काचबाई पुष्कळ वेळ अर्धवट बांधलेल्या गाठोड्यावर बसून राहिली. रडली, हे खरं आहे. पश्चात्ताप झाला असंही नव्या घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, आणि त्यानं ते मानलं. पण खरं सांगायचं तर पुन्हा तीच वेळ आली असती तर ती पुन्हा तीन महिने थांबली असती. फक्त किती थांबले, ते नवऱ्याला सांगितलं नसतं.