पन्ह्याला नवरा लागत नाही

कुसुमकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी उपकेंद्रात लसीकरणाला बसले होते. पाच बाळं राहिली होती. ती पाचही टोचून झाल्यावर, लसींचा डबा बंद करून मगच निघाले. कुणाला हा कोरडेपणा वाटेल, काकूंना वाटला नसता. मध्येच उठून गेले असते तर त्यांनी तिरडीवरून विचारलं असतं, "लेकरं तशीच सोडून आल्या का सिस्टर?" फाल्गुन संपत आला होता, ऊन तापायला लागलं होतं. काकू सकाळी देवळातली आरती आटोपून घरी आल्या, जरा आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. वय सत्तरीच्या पुढे. असं मरण मागून मिळत नाही.

भोकरदन तालुक्यातल्या या गावात मी नर्स म्हणून आले तेव्हा काकू देवीच्या देवळातलं महिला भजनी मंडळ चालवत होत्या. आवाज बेसूर, पण इतका मोठा की बाकीच्या बायका सुरात आहेत की नाहीत हे कुणाला कळायचंच नाही. आमची खरी ओळख उन्हामुळे झाली. अलीकडे आमच्याकडचा उन्हाळा चैत्रातच असा पेटतो की शेतातून आलेला माणूस भिंत धरून उभा राहतो. गाव मोठं, मी एकटी, मदतीला एक आशाताई. म्हणून काकूंना गाठलं. म्हटलं, चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला तुमच्या बायका घरोघर फिरतातच, त्याच फेरीत म्हातारी माणसं बघून याल का? पाणी पितात का, चक्कर येते का, एवढंच विचारायचं. काकू म्हणाल्या, "बिलकुल. आमच्या बायकायला दुसऱ्याच्या घरात डोकावायला कारनच पायजे असतंय."

फेरी सुरू झाली आणि आठवडाभर मी खूश होते. प्रत्येक गल्लीला दोन बायका, हातात कुंकवाचा करंडा आणि पन्ह्याची किटली. कोण कुठे राहतं हे त्यांना तोंडपाठ. माझ्या रजिस्टरपेक्षा त्यांची यादी पक्की, असं मीच काकूंना सांगितलं... आणि तिथेच आम्ही दोघी चुकलो. ती यादी हळदीकुंकवाची होती. म्हणजे सवाष्णींची. ज्या घरात फक्त विधवा बाई राहते ते घर त्या यादीत नव्हतंच, आणि ते नाही हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही. मी तर शिकलेली.

सोनाबाई काकूंच्याच परसापलीकडे पत्र्याच्या खोलीत एकटी राहायची. एका दुपारी तिची शेळी ओरडायची थांबेना म्हणून काकू बघायला गेल्या, तर सोनाबाई जमिनीवर पडून मेलेल्या नवऱ्याशी बोलत होती. मी पोचले तेव्हा अंग भट्टीसारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. एक बाई तिच्या तोंडात तांब्याने पाणी ओतायला निघाली होती, तिचा हात मी धरला. शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजत नाहीत, ते वरून ओततात. अँब्युलन्सला फोन केला, पण ती यायला वेळ होता आणि त्या पत्र्याखाली बाई टिकली नसती. गावात त्या वेळी थंड जागा एकच, देवळाचा दगडी सभामंडप. आम्ही चौघींनी तिला बाजेवर घातलं आणि बाज उचलली.

देवळाला कडी. दुपारी देवी निजते, चारला उठते, हा रिवाज. गुरवमामा दारात आडवे उभे. "काकू, आत्ता न्हाई. देवी निजल्या."

"निजू द्या की," काकू म्हणाल्या. "लेकरू कुशीत घेतलं म्हनून कोन्ती आई उठून बसती? सरका."

मामा सरकले. नुसते सरकले नाहीत, पाण्याची घागरही त्यांनीच आणली. अंगावर घालायला ओलं सुती कापड हवं होतं. काकूंनी देवीच्या ओटीच्या लुगड्यांची पेटी उघडली, त्यातलं हिरवंगार लुगडं घागरीत बुचकळलं आणि सोनाबाईच्या अंगावर पसरलं. दोघी पदराने वारा घालत राहिल्या, काकू पाणी शिंपडत राहिल्या. मी नाडी धरून बसले होते आणि मला फक्त माझी चूक दिसत होती... बऱ्याच वेळाने सोनाबाईने डोळे उघडले, अंगावर बघितलं आणि दचकली.

"अगं माय, हिरवं कुनी घातलं मला?"

"देवीनं," काकू म्हणाल्या. "भांडायचं तर तिच्याशी भांड. आमाला पानी शिंपू दे."

अँब्युलन्स आली, सोनाबाई रुग्णालयात गेली आणि चार दिवसांनी शेळीची चौकशी करत परत आली.

त्याच आठवड्यात काकूंनी मंडळाची बैठक घेतली आणि जुनी यादी फाडली. नव्या यादीत पत्र्याची घरं आधी, एकटी माणसं त्याहून आधी. एक-दोघी कुरकुरल्या की विधवांना बोलावणं कसं करायचं. काकूंनी एका वाक्यात विषय संपवला. "कुंकवाला नवरा लागतो, पन्ह्याला कुठं लागतो?" त्यानंतर सभामंडपही दुपारी उघडा राहू लागला. अट एकच, देवी निजलेली असताना बोलायचं नाही. घंटेला फडकं बांधलं. गुरवमामा मात्र घोरायचे, आणि ते चालायचं. खालच्या गल्लीतल्या मशिदीतून भोंग्यावर सांगू लागले, "दुपारको बाहर नक्को निकलो." तो ऐकून काकू म्हणायच्या, "त्यायला भोंगा हाय. मला देवानं गळाच तसा देलाय."

काकूंना जाऊन आता महिना उलटला. परवा यादी चाळताना माझं बोट काकूंच्याच घरावर थांबलं. काकूंचे यजमान, अण्णा, ऐंशीला टेकलेले आणि मुलं जालन्याला, आता घरात एकटे. पण घर दुखवट्याचं. दुखवट्याच्या घरी गोडाचं नेत नाहीत, बोलावणं तर नाहीच. म्हणजे पुन्हा रिवाजानेच एक घर सुटलं होतं. दुपारचे बारा वाजले होते. स्कूटर काढली आणि सुसाट गेले.

अण्णांच्या पायरीवर सोनाबाई बसलेली. शेजारी किटली. ती आत तोंड करून ओरडत होती, "अण्णा, लघवीला जाऊन आल्ते का?" काकूंचा हा प्रश्न. अंगात पाणी पुरेसं आहे का, हे त्यावरून लवकर कळतं असं मी त्यांना एकदा सांगितलं होतं, आणि तेव्हापासून त्या तो भर गल्लीत, सरपंचांनासुद्धा, न लाजता विचारायच्या.

"आलो गं बाई, दोनदा!" आतून उत्तर आलं.

मी दम घेत म्हटलं, "सोनाबाई, मला वाटलं इथं कुणी आलंच नसंल."

"बाकीच्या बिचकून राह्यल्या. मला कशाचा रिवाज? मी रोज येते. तुमीच उशिरा आल्या सिस्टर."

अण्णा दारात आले. दाढी वाढलेली, सदरा मात्र धुतलेला. सोनाबाईने पेला भरून पुढे केला. त्यांनी आधी पेल्याकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"ती गेली तरी सुटका न्हाई," ते म्हणाले. एका दमात पेला रिकामा केला आणि पुन्हा भरायला पुढे धरला.